भिंत दिसली, दार राहून गेले

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात शिकवणाऱ्या शिक्षकाला एक सोय आपोआप मिळते. वर्गातल्या अनेक मुलांच्या घरी कोणी ना कोणी कारखान्यात कामाला असते. ‘चलन’, ‘गेट पास’, ‘इनवर्ड’, ‘जॉब वर्क’ हे शब्द मुलांनी पुस्तकात वाचलेले नसतात, रात्री जेवताना ऐकलेले असतात. भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये पत्र्याचा भाग प्रेसवर तयार होतो, टेम्पोत भरून चाकणच्या मोठ्या कारखान्याकडे निघतो, आणि फाटकावर कागद तपासल्याशिवाय टेम्पो आत सोडत नाहीत, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. संगणकातली एक अवघड गोष्ट शिकवताना आम्हांला या सोयीचा फार उपयोग झाला. ती गोष्ट समजावणाऱ्या एका गाजलेल्या चित्रपुस्तिकेत काय राहून गेले आहे, तेही या सोयीमुळेच आमच्या ध्यानात आले. हा लेख त्या पुस्तिकेविषयी आहे.

सप्टेंबर २००८ मध्ये गूगल कंपनीने ‘क्रोम’ हा ब्राउझर आणला. तो कसा चालतो हे सांगण्यासाठी कंपनीने ३८ पानांची एक कॉमिक पुस्तिका काढली. चित्रे स्कॉट मॅक्लाउड यांची. चित्रकथा या माध्यमाचा उलगडा चित्रकथेतूनच करणारे त्यांचे पुस्तक १९९३ सालचे, म्हणजे हा माणूस या कामात मुरलेला. पुस्तिकेतली पात्रे म्हणजे क्रोम बनवणारे खरे अभियंते. ते पानापानांवर उभे राहून आपापल्या भागाची माहिती देतात. पुस्तिका ठरल्या दिवसाआधीच टपालाने काहींच्या हाती पडली, १ सप्टेंबरला जर्मनीतल्या एका लेखकाने ती सर्वांपुढे ठेवली, आणि लगेच दुसऱ्या दिवशी ब्राउझरही लोकांना मिळाला. जाहिरातीसाठी निघालेले साहित्य सहसा महिनाभरात रद्दीत जाते. ही पुस्तिका मात्र संगणकशास्त्र शिकवणारे लोक अजूनही विद्यार्थ्यांच्या हाती देतात. म्हणूनच तिच्याकडे टीकेच्या नजरेने पाहणे आम्हांला आवश्यक वाटते.

पुस्तिकेने काय साधले

आधी विषय थोडक्यात पाहू. संगणकावर चालू असलेल्या प्रत्येक कामाला ‘प्रक्रिया’ म्हणतात. प्रक्रियेला स्मृतीचा स्वतंत्र तुकडा मिळतो, आणि एका प्रक्रियेला दुसरीच्या तुकड्यात डोकावता येत नाही. ही भिंत संगणकाची कार्यप्रणाली घालून देते. पूर्वीचे बहुतेक ब्राउझर एकाच प्रक्रियेत सगळा संसार मांडत. दहा पाने उघडली तरी दहाही एकाच शेडमध्ये. एका पानावरचा प्रोग्रॅम अडकला की सगळी पाने थिजत, आणि एक कोसळले की सगळा ब्राउझर बंद पडे. अर्धा भरलेला परीक्षेचा अर्ज अशा वेळी हातचा जाई, हे अनेक शिक्षकांना आठवत असेल.

क्रोमने शेडी वेगळ्या केल्या. एक मुख्य प्रक्रिया ठेवली. खिडकी, पत्त्याची पट्टी, फाइली आणि जाळ्याशी संपर्क हे सारे तिच्याकडे दिले. पानाची मांडणी करण्यासाठी वेगळ्या प्रक्रिया केल्या. त्यांना आपण ‘मांडणी-प्रक्रिया’ म्हणू. एचटीएमएल वाचायचे, मजकूर आणि चित्रे कुठे बसतात ते ठरवायचे, पानासोबत आलेला प्रोग्रॅम चालवायचा, एवढेच त्यांचे काम. एक कोसळली तर तिच्यापुरते पान जाते, बाकीची चालू राहतात. ही कल्पना एकट्या क्रोमला सुचली असे मात्र नाही. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीचा चाचणी-नमुना ऑगस्ट २००८ मध्ये आला, त्यातही पानांसाठी वेगळ्या प्रक्रिया होत्या. फायरफॉक्सला हा बदल लोकांपर्यंत पोचवायला सुरुवात करायलाच २०१६ साल उजाडले.

ही विभागणी पुस्तिकेने ज्या सफाईने दाखवली आहे, तिला तोड नाही. स्मृतीचे तुकडे चौकटींच्या रूपात दिसतात. बंद केलेल्या पानांनी मागे ठेवलेल्या भोकांमुळे जुन्या ब्राउझरची स्मृती कशी विस्कटत जाते, आणि संपूर्ण प्रक्रियाच बंद केली की ती जागा कशी सलग मोकळी होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना एका वाचनात समजले. वेगळ्या प्रक्रियांना सुरुवातीला जास्त स्मृती लागते, हा तोटाही पुस्तिका लपवत नाही. कोणते पान किती स्मृती खाते हे दाखवणारा तक्ता ब्राउझरमध्येच असावा, म्हणजे दोष ज्याचा त्याच्या माथी जाईल, हा विचारही छान मांडला आहे. जाहिरातीत इतकी प्रामाणिकता क्वचित आढळते.

राहून गेलेले दार

पुस्तिका वाचून झाल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, शेड बंद केली, सगळ्या भिंती घातल्या. मग माल आत-बाहेर कसा करतात?”

प्रश्न नेमका होता. भिंत घालणे हे अर्धे काम. मांडणी-प्रक्रियेला जाळ्यातून काही आणता येत नाही, फाइल उघडता येत नाही, खिडकी काढता येत नाही. मग ती पान दाखवणार कशी? तिला प्रत्येक गोष्ट मागून घ्यावी लागते आणि प्रत्येक तयार गोष्ट सुपूर्द करावी लागते. ब्राउझरचा खरा कारभार या देवाणघेवाणीत आहे. पुस्तिकेचा सारा भर मात्र भिंतींवर आहे, आणि निरोपांची ये-जा मागे पडते. आमची पहिली तक्रार हीच. म्हणून ती ये-जा येथे क्रमाने सांगतो.

मुख्य प्रक्रिया आणि प्रत्येक मांडणी-प्रक्रिया यांच्यामध्ये एक वाहिनी असते. क्रोमच्या सुरुवातीच्या रचनेत विंडोजवर यासाठी ‘नेम्ड पाइप’ वापरत, लिनक्सवर आणि मॅकवर ‘सॉकेट’ची जोडी. पुढे ‘मोजो’ नावाची नवी व्यवस्था आली, पण तत्त्व बदलले नाही. वाहिनीतून ठराविक नमुन्याचे निरोप जातात. कोणत्या निरोपात कोणते रकाने असतील, हे आधीच ठरलेले असते. आपल्या भाषेत, छापील चलन.

समजा, आपण पानावरच्या एका दुव्यावर टिचकी मारली. ती टिचकी प्रथम मुख्य प्रक्रियेला कळते. पण त्या जागी दुवा आहे, चित्र आहे की कोरी जागा, हे तिला माहीत नसते. ती फक्त ‘अमुक ठिकाणी टिचकी पडली’ असा निरोप मांडणी-प्रक्रियेकडे धाडते. मांडणी-प्रक्रिया आपला नकाशा पाहते, तिथे दुवा असल्याचे ओळखते आणि उलट निरोप देते, ‘या पत्त्यावर जायचे आहे’. जायचे की नाही हे मुख्य प्रक्रिया ठरवते. नवे पान आणण्याची व्यवस्था तीच करते आणि आलेला मजकूर योग्य त्या मांडणी-प्रक्रियेकडे पाठवते. तयार झालेले चित्र आकाराने मोठे असते, ते निरोपात कोंबत नाहीत. दोघींना वापरता येईल अशा सामायिक स्मृतीत ते ठेवतात, आणि निरोप एवढाच जातो की माल अमुक रॅकवर ठेवला आहे.

येथे कारखान्याची उपमा एका ठिकाणी मोडते, आणि ती कुठे मोडते हे मुलांना सांगायलाच हवे. आपल्या पट्ट्यात भोसरीहून भाग आला नाही तर चाकणची लाइन थांबते. ब्राउझरची मुख्य प्रक्रिया कधीही अशी थांबून राहत नाही. निरोप टाकायचा आणि आपल्या पुढच्या कामाला लागायचे, उत्तर आले की पाहायचे, असा तिचा नियम आहे. मांडणी-प्रक्रिया क्वचित उत्तराची वाट पाहू शकते, मुख्य प्रक्रियेने मात्र तिची वाट पाहत बसायचे नाही. म्हणून एखादे पान न संपणाऱ्या फेऱ्यात अडकले तरी खिडकी हलवता येते, दुसरे पान उघडता येते. त्या पानाकडून बराच वेळ पोच आली नाही की मुख्य प्रक्रिया आपल्याला विचारते, पान प्रतिसाद देत नाही, थांबायचे की बंद करायचे? आणि मांडणी-प्रक्रिया कोसळलीच तर वाहिनीचे दुसरे टोक तुटते. त्यावरून मुख्य प्रक्रियेला तिचा अंत कळतो. भिंत नुसती असती आणि वाट पाहण्याचा हा नियम नसता, तर एक शेड बंद पडल्यावर सगळा कारखाना ठप्प झाला असता.

चलनावर भरवसा नको

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. पुस्तिका वाचून मुलांच्या मनावर ठसते ते कोसळणाऱ्या पानांचे चित्र. मांडणी-प्रक्रियेचे हक्क काढून तिला कोंडून ठेवले आहे, हे पुस्तिका सांगते. पण ती प्रक्रिया खोटे बोलू शकते, आणि सगळी व्यवस्था ते गृहीत धरून उभारलेली आहे, ही गोष्ट वाचकाच्या मनात उतरत नाही.

मांडणी-प्रक्रिया तर ब्राउझरचाच भाग, मग ती खोटे का बोलेल? शेड आपली, कामगार आपला, पण ड्रॉइंग मात्र अनोळखी माणसाचे. कोणत्याही पत्त्यावरून आलेले पान ती वाचते. तिच्यात कुठे एखादी चूक राहिली असेल, तर मुद्दाम वेडेवाकडे रचलेले पान त्या चुकीचा फायदा घेऊन तिचा ताबा घेऊ शकते. मग तिच्याकडून येणारा प्रत्येक निरोप संशयास्पद होतो. असे कधीतरी घडणारच, हे धरून चालावे लागते.

म्हणून फाटकावरचा पहारेकरी चलनावर काय लिहिले आहे यावर विसंबत नाही. तो आपली वही उघडतो. क्रोमच्या संहितेत अशी वही खरोखरच आहे. कोणत्या प्रक्रियेला कोणती फाइल वाचायची परवानगी दिली, कोणती प्रक्रिया कोणत्या संकेतस्थळासाठी राखून ठेवली, याची नोंद मुख्य प्रक्रिया स्वतःकडे ठेवते. आपण अर्जासोबत छायाचित्र जोडतो तेव्हा फाइल निवडण्याची खिडकी मुख्य प्रक्रिया उघडते. आपण निवडलेल्या त्या एका फाइलचीच नोंद वहीत होते, शेजारची फाइल त्या पानाला मिळत नाही. एका स्थळासाठी राखलेल्या प्रक्रियेने दुसऱ्या स्थळाची साठवलेली ओळखचिठ्ठी मागितली, तर मागणी फेटाळून सोडून देत नाहीत. खरी मांडणी-प्रक्रिया असे कधीच मागणार नाही, म्हणून मागणाऱ्या प्रक्रियेला तिथेच संपवतात.

हे महत्त्व पटवण्यासाठी आम्ही वर्गात ब्राउझर बाजूला ठेवतो आणि मोटारीकडे वळतो. आपल्या पट्ट्यात बनणाऱ्या मोटारींतही इंजिन, ब्रेक, दिवे यांचे छोटे छोटे संगणक असतात आणि तेही निरोपांनीच बोलतात. त्यासाठी बॉश कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन’ ही पद्धत जगापुढे मांडली. एका तारेच्या जोडीवर सगळे बोलतात, सगळे ऐकतात. मूळ पद्धतीत एका निरोपात जास्तीत जास्त ८ बाइट मजकूर मावतो. एखादा संगणक सारख्या चुका करू लागला तर तो मोजणी करून स्वतःच गप्प होतो, ही सोय सुंदर आहे. पण निरोप कोणी पाठवला याचा पुरावा त्यात नसतो. सगळे घरचेच असताना हे चालून गेले. जुलै २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि क्रिस व्हालासेक या दोघा संशोधकांनी अमेरिकेत एका जीप मोटारीच्या करमणुकीच्या यंत्रणेत दुरून, मोबाइल जाळ्यामार्गे शिरकाव केला आणि तिथून तारेवर खोटे निरोप सोडून गाडीवर ताबा मिळवून दाखवला. त्यानंतर सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. करमणुकीची यंत्रणा आणि ब्रेक वेगळ्या पेट्यांत होते. पेट्या वेगळ्या असून भागले नाही, कारण मधल्या दारावर निरोपाची शहानिशा नव्हती. ज्या मुलांना पुढे याच उद्योगात काम करायचे आहे, त्यांनी हे शाळेतच ऐकलेले बरे.

भिंत चुकीच्या जागी

तिसरा मुद्दा काळाने पुढे आणला. एक टॅब, एक प्रक्रिया, असे चित्र पुस्तिका मनात पक्के करते. आजचे वृत्तपत्राचे पान उघडून पाहा. त्यात जाहिरात एका स्थळाची, चित्रफीत दुसऱ्याची, मजकूर तिसऱ्याचा. अनेक वर्षे हे सगळे पाहुणे यजमानाच्याच प्रक्रियेत राहत होते. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ नावाचा दोष जाहीर झाला. प्रोसेसर वेग वाढवण्यासाठी पुढच्या सूचना अंदाजाने आधीच चालवतो. त्याचा माग काढून, प्रोग्रॅमला आपल्याच प्रक्रियेतली पण आपली नसलेली स्मृती वाचता येते, असे दिसून आले. म्हणजे एकाच शेडमध्ये दोन परके ठेवणेच धोक्याचे. त्याच वर्षी क्रोमने संगणकावर प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी प्रक्रिया देण्याची पद्धत बहुतेक सर्वांसाठी सुरू केली. भिंत टॅबभोवती होती, ती संकेतस्थळाभोवती आली. त्याची किंमत एकूण स्मृतीत १० ते १३ टक्के वाढ, असे गूगलनेच तेव्हा सांगितले.

ही किंमत सगळ्यांना परवडत नाही. २०१९ मध्ये ही पद्धत अँड्रॉइड फोनवर आली तेव्हा ती फक्त पासवर्ड द्यावा लागणाऱ्या स्थळांपुरती होती आणि त्यासाठी फोनची स्मृती निदान २ जीबी हवी होती. म्हणजे ज्याचा फोन स्वस्त, त्याची भिंत पातळ. आमचे बहुतेक विद्यार्थी घरच्या एका साध्या फोनवर शिष्यवृत्तीचा अर्जही भरतात आणि त्याच फोनवर नाही नाही ती पानेही उघडतात. त्यांना ‘अनोळखी पान उघडू नका’ एवढा उपदेश करून आपण मोकळे होतो. कारण सांगितले नाही तर तो उपदेश वर्गाबाहेर टिकत नाही.

२००८ च्या पुस्तिकेने २०१८ चा दोष सांगावा अशी अपेक्षा अर्थातच नाही. पण आज ती विद्यार्थ्यांच्या हाती देणाऱ्याने, हे चित्र आता पुरते खरे नाही, असे सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे.

वर्गात काय करावे

पहिला प्रयोग संगणकावर. विंडोज किंवा लिनक्सवर क्रोममध्ये चार-पाच पाने उघडा आणि शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबा. प्रक्रियांचा तक्ता दिसेल. त्यात मुख्य प्रक्रिया, चित्र जोडणारी प्रक्रिया, जाळ्याची प्रक्रिया आणि टॅब वेगवेगळे दिसतील. वृत्तपत्राचे पान उघडे असेल तर ‘सबफ्रेम’ अशा ओळीही आढळतील. हेच ते पाहुणे. आता एका टॅबची प्रक्रिया बंद करा. कोणती पाने गेली आणि कोणती राहिली, याची नोंद मुलांना करू द्या. कधी एका प्रक्रियेसोबत दोन पाने जातात. त्याचे कारण शोधणे हा चांगला गृहपाठ आहे.

दुसरा प्रयोग संगणकाशिवाय. एक विद्यार्थी मुख्य प्रक्रिया होऊन मधे बसेल. चौघे पाने होऊन भिंतीकडे तोंड करून बसतील. प्रत्येकाकडून मधल्याच्या हातापर्यंत एक दोरी. मागणीच्या चिठ्ठ्या दोरीला अडकवून पाठवायच्या. मधल्याच्या वहीत लिहिलेले असेल, की कोणत्या दोरीला काय द्यायचे. काही वेळाने एका पानाला हळूच सांगा, चिठ्ठीवर दुसऱ्याचे नाव घालून त्याची वस्तू माग. मधला विद्यार्थी नाव वाचून देतो, की चिठ्ठी कोणत्या दोरीवरून आली हे पाहून नाकारतो? आमच्या वर्गात पहिल्या खेपेला बहुतेक मुले नाव वाचून देऊन मोकळी झाली. दुसऱ्या खेपेला कोणीच फसले नाही.

शेवटी एक अडचण. ही पुस्तिका ज्या परवान्याखाली खुली आहे, त्यात ती श्रेयासह, नफ्याशिवाय जशीच्या तशी वाटता येते, पण तिच्यात बदल करून वाटण्याची मुभा नाही. भाषांतर हाही बदलच. त्यामुळे परवानगी न घेता मराठी फुगे घालून ती छापता येणार नाही. इतक्या चांगल्या साहित्याला अशी अट असावी याची खंत वाटते. तोवर इंग्रजी पुस्तिका शिक्षकांनी जरूर वाचावी, वर्गात मराठीतून समजावून सांगावी, आणि मग मुलांना एक पान स्वतः काढायला लावावे. त्या पानावर दोन शेडी असाव्यात, मधे फाटक, फाटकावर वही घेतलेला पहारेकरी, आणि टेम्पोवाल्याच्या हातात खोटे चलन. गूगलच्या ३८ पानांत नसलेले हे पान आपल्या पट्ट्यातली मुले न शिकवता काढतील.